राणी रंगाच्या सात मुठी

मी एकदा दुधाच्या पातेल्यात सात चाकू उकळले. चांगले पाऊण तास. वरून सातांतली पहिली, जांभळ्या रंगाची पुडी, मूठभर मीठ, आणि झाकण. जसं काही बटाटेच शिजायला लावलेत. चाकूंच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मुठींना रंग चढवायचा होता, तोही सात मुठींना सात वेगवेगळे. गॅस वाचावा म्हणून मी सातही एकदम टाकले. सात रंग एका पातेल्यात वेगळे कसे राहणार, हा प्रश्न मला उकळी फुटल्यावर पडला.

तसा तो प्रश्न पडायची गरजही नव्हती. मुठी पांढऱ्याच राहिल्या. जांभळं झालं ते बाकीचं सगळं : पातेलं, ओटा, सांडशी आणि माझी दाही बोटं. पातेलं मी घासघासून स्वच्छ केलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दूध तापवलं, तर आमचे हे कपात बघत बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हैस आजारी आहे का?"

तेव्हा मी पोरच होते. पंचावन्न वर्षांची.

हा वेडेपणा सांगायला सोपा, म्हणून आधी सांगितला. त्याच्या पोटात दुसरा एक होता. तो घरात कुणाला सांगितला नव्हता. परवा नातीनं विचारलं, "आज्जी, आपल्या घरातला हा जुना चाकू असला गुलाबी का?" तिला म्हटलं, थांब, नीट लिहूनच काढते. पण तो वेडेपणा सांगायचा तर आधी सिस्टर सांगाव्या लागतील.

सिस्टरांचं नाव रत्नमाला. पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या. रिटायर झाल्यावर लातूरला मुलाकडं राहायला आल्या, आमच्याच गल्लीत, आमच्या घरापासून तिसऱ्या घरात. त्या आल्या त्याच आठवड्यात त्यांच्या गच्चीवर पाच-सहा साड्या वाळत पडल्या : जांभळी, पोपटी, शेंदरी, मोरपंखी. मला वाटलं, घरात लग्न आहे आणि गल्लीला आमंत्रण नाही. रागारागानंच गेले विचारायला.

"कुणाचं लग्न हो?"

"माझंच," त्या म्हणाल्या. हात कोपरापर्यंत शेंदरी. "पांढऱ्याशी काडीमोड घेतला. आता सगळ्या रंगांशी लावून राहिले."

त्या साड्या म्हणजे त्यांचे युनिफॉर्म होते. छत्तीस वर्षं पांढरं नेसलेल्या बाईनं रिटायर झाल्याबरोबर शपथच घेतली होती म्हणा ना : घरात पांढरं म्हणून काही ठेवायचं नाही. साड्या झाल्या, मग पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले. मुलाचा बनियन एकदा गुलबक्षी झाला. तो बिचारा तो शर्टाच्या आत घालून बँकेत जायचा आणि उकाड्यातसुद्धा वरचं बटण लावून बसायचा. कापड संपलं तशा त्या प्लॅस्टिककडं वळल्या. शर्टाची बटणं, कंगवे, नातीच्या बुद्धिबळातले पांढरे मोहरे. ते हिरवे झाले. त्या घरात पुढं काळ्या विरुद्ध हिरवे असाच डाव चालायचा आणि हिरव्यांची पहिली चाल.

रंगवण्याचं काम त्या दवाखान्यासारखं करायच्या. एक जुनं पातेलं फक्त रंगाचं. त्यावर खिळ्यानं फुली मारलेली, म्हणजे चुकून कुणी भाजीला घेऊ नये. रंगवायची वस्तू आधी साबणानं धुवायची, हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायची. मी एकदा म्हटलं, "एवढं काय, ऑपरेशन आहे का?" तर म्हणाल्या, "काचेच्या सिरिंजी उकळून माझी जवानी गेली. पाण्यात काय टाकायचं आणि कधी काढायचं, एवढंच मला येतं."

आणि त्यांची एक खोड. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायच्या. प्रेमानं धरलंय असं आपल्याला वाटायचं. पण त्यांची बोटं नाडीवर असायची आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं. भाजीवाला म्हणाला, "आत्ताच तोडून आणली मावशी," की ह्यांनी धरलाच त्याचा हात. "नव्वद. कालची हाय." तो भाजीवाला पुढं पुढं हात खिशात घालूनच भाव सांगायचा.

दवाखान्यातल्या गोष्टी त्या कधी रडून सांगायच्या नाहीत. एक सांगते. वॉर्डात एक बडे जमीनदार ॲडमिट. सिस्टर इंजेक्शन घेऊन गेल्या, तर त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या समाजाच्या?" सिस्टर बौद्ध. त्या काळात असं तोंडावर विचारायला कुणाला काही वाटायचं नाही. "मी म्हटलं, मी सरकारी. सुई स्टीलची. आता वळा." आणि आम्ही हसून हसून पडलो की हळूच म्हणायच्या, "जरा जोरातच टोचली पण."

मीही हसायची. सगळ्यात मोठ्यानं मीच. तो जमीनदार किती मागासलेला आणि मी किती सुधारलेली! माझं माहेर मुदखेडकडचं, सासर औशाकडचं. दोन्हीकडं जमीन, दोन्हीकडं मोठेपणा. सिस्टर मला "पाटलीणबाई" म्हणायच्या. मी त्यांच्या हातचा चहा घ्यायची आणि प्रत्येक कप संपवला की आपण समाजसुधारणेचा एक हप्ता पूर्ण केला, अशा थाटात कपबशी खाली ठेवायची. आज आठवलं की माझ्यातल्या त्या बाईच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

तर, चाकू.

आमच्या गल्लीतल्या सात जणींनी तेव्हा एक काम सुरू केलं होतं. लातूरला क्लाससाठी बाहेरगावच्या पोरी येतात, त्यांच्या मेस गल्लोगल्ली. दोन मेसवाल्यांना आम्ही भाजी निवडून, चिरून द्यायचो. सकाळी सहाला माझ्या पडवीत बसायचो आणि नवाला पिशव्या रवाना. सिस्टर आमच्या मुकादम. बसायच्या आधी "नखं दाखवा" म्हणायच्या, आणि सत्तरीच्या मुक्ताबाईसुद्धा शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही हात पुढं करायच्या. मेसवाल्याला कोबी दोऱ्यासारखा बारीक पाहिजे होता. विळीवर तो तसा होत नव्हता. म्हणून आम्ही सात चाकू आणले, एकसारखे, पांढऱ्या मुठीचे. तिथून भांडणं लागली. पद्मा म्हणायची, "माझ्या चाकूला धार होती, हा बोथट कुणी सरकवला?" मुक्ताबाई म्हणायच्या, "घे बाई, माझाबी घे, मला मेलीला विळीच बरी." रोज सकाळी कोबीआधी एकमेकींनाच चिरायचो.

मी माझा चाकू काम झालं की घरात न्यायची. पूजेनंतर नैवेद्याची फळं त्यानंच चिरायची. एका सकाळी पेरू चिरताना माझं लक्ष पात्याकडं गेलं. टोकाजवळ बारीक खाच. ती खाच मला ओळखीची होती. सिस्टर एकदा त्या चाकूनं नारळ फोडायला गेल्या होत्या. म्हणजे हा सिस्टरांचा चाकू. आणि समोर देव, आणि ताटलीत अर्धा पेरू.

मी तो चाकू धुतला. चाकू धुण्यात वाईट काय? मग पुन्हा धुतला. आणि मग तिसऱ्यांदा धुतला. तिसऱ्यांदा कशानं, ते पुढं कळेल. आत्ता मला लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो गुपचूप नेऊन बाकीच्या चाकूंत ठेवला. सिस्टरांनी उचलला, सवयीनं पातं बघितलं, मग एकदम नाकाशी नेला. क्षणभर तसाच धरला. मग खाली ठेवून भेंडी चिरायला लागल्या.

आणि त्याच सकाळी, माझ्यातली सुधारक एकदम जागी झाली. "मी काय म्हणते," मी जाहीर केलं, "प्रत्येकीच्या चाकूच्या मुठीला वेगळा रंग देऊ या. म्हणजे भांडणं नकोत. स्वच्छतेच्या दृष्टीनंही बरं." 'स्वच्छतेच्या दृष्टीनं' हे शब्द मी घरून पाठ करून आणले होते. सगळ्या लगेच हो म्हणाल्या. मी यादीही करूनच आणली होती. मला केशरी, पद्माला हिरवा, मुक्ताबाईंना पिवळा, असं करत करत मोठ्या कौतुकानं वाचलं, "आणि सिस्टरांना निळा."

"निळा?" सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे... तुम्हाला आवडंल म्हणून."

"कुणी सांगितलं आवडतो म्हणून?"

भेंडी चिरायचं थांबलं. पद्मा उगीच पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

"निळा आमच्या झेंड्याला, पाटलीणबाई. तिथं तो लई शोभतो. चाकूला मला गुलाबी पाहिजे. राणी कलर."

मुक्ताबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मीही हसले. हसत हसत सिस्टरांनी माझा हात धरला. बोटं मनगटावर, नजर घड्याळावर. पाव मिनिट गेलं असेल. मला ते सकाळभर वाटलं.

"किती?" मी विचारलं.

"सांगते कधीतरी," त्या म्हणाल्या, आणि हात सोडला.

त्यांना कळलं, हे मला कळलं होतं. आणि तरी, बघा माणूस किती हट्टी असतं, मी ते रंगाचं काम स्वतः अंगावर घेतलं. सिस्टरांना रंगातलं सगळं येतं, हे साऱ्या गल्लीला माहीत. पण मला त्यांच्यासमोर उभंच राहायचं नव्हतं. म्हणून दुकानातून कापडाच्या रंगाच्या सात पुड्या आणल्या आणि दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या आणि माझी जांभळी बोटं बघून दारातच थांबल्या.

"काय करून राहिल्या?"

मी चाकू दाखवले. त्यांनी एक मूठ नखानं खरवडली, दिव्याकडं धरून बघितली.

"सुती कापडाचा रंग आणला तुम्ही. तो ह्याला धरत न्हाई. ह्याला टेरिकॉटवर चढतो तो लागतो. आन् तोबी सगळ्याला न्हाई चढत. बादलीच्या प्लॅस्टिकला घाला, नुसता ओघळून जातो. ही मूठ नायलॉनची, ही धरंल." मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "प्लॅस्टिकलाबी जात असते, पाटलीणबाई. आपल्याला वाटतं, फक्त माणसालाच."

चाकू त्यांनी माझ्याच टॉवेलात गुंडाळले, यादीचा कागद वर ठेवला आणि घेऊन गेल्या.

मग दोन दिवस त्या आल्याच नाहीत.

त्या दोन दिवसांत आम्ही विळ्यांवर कोबी चिरला. मेसवाल्याचा निरोप आला, पोरी विचारून राहिल्या, आज भाजीत दोरखंड का. नखं कुणी बघितली नाहीत. मुक्ताबाईंनी सवयीनं हात पुढं केले आणि मागं घेतले. पद्मा म्हणाली, "काकू, तुम्ही जाऊन बघून या ना." मी म्हटलं, "जाते की." आणि गेले नाही. तिसऱ्या घरापर्यंत जायला माझे पाय चालेनात. कामाचं मला काही नव्हतं. मेस गेली तर गेली. मला भीती एकच होती : ही बाई आता माझ्या पडवीत पाऊल ठेवणार नाही, माझं मनगट धरणार नाही, आणि का, ते कुणाला सांगणारही नाही. गल्ली मला विचारेल, तुमचं काय बिनसलं? आणि मी काय सांगू? चाकू धुतला म्हणून?

तिसऱ्या दिवशी सहाला पाच मिनिटं असताना फाटक वाजलं. मोरपंखी युनिफॉर्म नेसून सिस्टर आल्या. "नखं दाखवा," म्हणाल्या. आम्ही सहाही जणींनी हात असे पुढं केले, जसा प्रसादच मिळणार आहे. मग त्यांनी टॉवेल सोडला.

सात चाकू. सातही राणी रंगाचे.

सुंदर रंग चढला होता, खोटं कशाला बोलू. कुठं डाग नाही, कुठं फिकं नाही. सातही मुठी लग्नातल्या शालूसारख्या चमकून राहिल्या होत्या. पात्यावर रंगाचा थेंब नाही. चाकू तारेला उलटे टांगून फक्त मुठी रंगात बुडवल्या होत्या त्यांनी, आणि मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतल्या होत्या. टोकाची ती खाचसुद्धा कानशीनं घासून काढली होती. आता काय ओळखणार?

"अहो, पण यादी?" मी म्हटलं.

"एकच रंग शिल्लक होता," सिस्टर म्हणाल्या.

"मग आता माझा कोणता?"

"हातात येईल तो."

पद्मानं एक उचलला. मुक्ताबाईंनी विळी बाजूला सारून एक उचलला, म्हणाल्या, "गुलाबी असलं तर मलाबी चालंल." सगळ्यात शेवटी मी उचलला.

त्या संध्याकाळी मी गेलेच त्यांच्या घरी. टॉवेल परत आणायचं निमित्त. स्वयंपाकघराच्या फळीवर रंगाच्या पुड्यांची रांग लावलेली : पिवळा, हिरवा, केशरी, निळा, तपकिरी. टेरिकॉटचे. प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, औषधाच्या बाटल्यांवर लिहितात तसं.

"एकच रंग शिल्लक होता म्हणे," मी म्हटलं.

"हाव. हे काल आणले."

मी त्यांचं मनगट धरलं. आता बघतेच म्हटलं, नाडी काय सांगते. दाबून दाबून बघितलं, काही लागेचना.

"तिथं न्हाई," त्यांनी शांतपणे माझी बोटं सरकवली. "अंगठ्याखाली. हां. मोजा."

मी मोजायला लागले आणि मध्येच मला इतकं हसू आलं की मोजणं चुकलं. त्याही हसायला लागल्या. त्यांची सून आत डोकावून गेली, दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून का हसताहेत, तिला कळेना. मला तेव्हा सगळं बोलून टाकायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण सिस्टर उठल्या, चहा टाकला, आणि मी तो प्याले. ह्या वेळी कपबशी ठेवताना कसलाच हप्ता पूर्ण केल्यासारखं वाटलं नाही. साखर मात्र जरा कमी होती.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसले, गुलाबी चाकू हातात. कुणाचा, देव जाणे. पेरू चिरला. देवांनी काही म्हटलं नाही. ते तसेही माझ्यापेक्षा समजूतदार असावेत.

आमचं काम पुढं आठ वर्षं चाललं. चाकूंची पाती झिजली, मुठी तशाच राहिल्या. कुणाचा कोणता, हे भांडण पुन्हा कधी झालं नाही, कारण ते करताच येत नव्हतं. पद्मा धार लावायची ती सगळ्यांनाच लावायची. मग गुडघे, सुना, मोतीबिंदू असं करत एकेक जण थांबली आणि चाकू सात घरांत गेले. माझ्याकडं आहे तो कुणाचा होता, मला आजही माहीत नाही. ते जांभळं पातेलं आता कोथिंबिरीची कुंडी झालंय. सिस्टर वारल्या त्याला दोन वर्षं झाली. नांदेडला, मुलीकडं.

लातूर सोडून त्या नांदेडला राहायला निघाल्या, त्या दिवशी मी स्टँडवर पोचवायला गेले होते. ती आमची शेवटची भेट, हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं. त्यांनी ती पहिली जांभळी साडी नेसली होती. धुऊन धुऊन फिकी पडलेली, पण पांढरी नाही. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभी. खिडकीकडं हात वर केला, त्यांनी धरला आणि बोटं आपोआप मनगटावर गेली.

कंडक्टर चढला. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी बोलून टाकलं.

"सिस्टर, तो तुमचा चाकू. खाचेचा. मी तो तीन वेळा धुतला होता. तिसऱ्यांदा..."

"गोमूत्रानं," सिस्टर म्हणाल्या. "मी रिटायर झाले होते. माझं नाक न्हाई."

मला वर बघवेना. घंटी वाजली, गाडी हलली, मी चार पावलं तिच्याबरोबर चालले. त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. मग खिडकीतून वाकून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या :

"त्या दिवशी तुमची नाडी एकशे चार होती, पाटलीणबाई! मी तवाच म्हटलं, बाईला लाज वाटून राहिली, म्हणजे पेशंट वाचणार!"